पडलेला लाइट मीटर उघडावा का? (सेकॉनिक एल-३९८, काटा ४० वर अडकलाय)

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:५०

मंडळी, आज हातून पाप घडलं.

मामांचा सेकॉनिक स्टुडिओ डिलक्स एल-३९८ (तोच, फोटोआधी उजेड मोजायचा, पांढऱ्या अर्ध्या चेंडूचा मीटर) गळ्यात अडकवून मेणवलीला गेलो होतो. सोबत याशिका डी कॅमेरा आणि एकच रोल, म्हणजे बारा फोटो. याशिका डीमध्ये मीटर नाही, त्यामुळे सगळी भिस्त मामांच्या मीटरवर. घाटावर त्या वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटेसमोर वाकून ट्रायपॉडचा पाय पायरीच्या फटीत बसवत होतो आणि गळ्यातली दोरी तुटली. तुटली कसली, आतून कुजलीच होती. मीटर आधी माझ्या गुडघ्यावर, मग पायरीवर, मग खालच्या पायरीवर. तीन आवाज आले. तिन्ही अजून कानात आहेत.

आता अवस्था अशी: पांढरा गोल निखळून बाजूला पडला. त्याला तडा नाही, पण तो जिथे फिरवून बसतो तिथली चिमुकली खाच उडाली आहे. काट्यावरची काच (प्लास्टिकच ते) धड आहे. मीटर कानाशी धरून हलवला की आत बारीकसं काहीतरी खुळखुळतं. आणि मुख्य दुखणं म्हणजे गोल मुठीत झाकून मधलं बटण दाबलं तरी काटा शून्यावर येत नाही, ४० फूट-कॅण्डलपाशी (उजेडाचं माप) बसून राहतो. उजेडात नेला की थरथरतो, पण ८० च्या पुढे सरकत नाही.

मामा ८१ वर्षांचे आहेत. साताऱ्यात तीस वर्षं लग्नांचे फोटो काढले त्यांनी या मीटरवर. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

उघडू का? की कुणाकडे न्यावा? पुण्या-मुंबईला जायची तयारी आहे.

---

डार्करूमचा_उंदीर | रविवार, रात्री १०:०५

मधलं बटण नीट आतपर्यंत दाबलं होतं ना? ते दाबल्याशिवाय काटा मोकळा होत नाही. (विचारणं भाग आहे, हलके घ्या.)

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री १०:०९

दाबलं होतं हो. हाय स्लाइडही (कडक उन्हासाठी सेलपुढे घालायची, उजेड कमी करणारी पट्टी) काढून पाहिली. एवढाही कच्चा नाही.

---

शेवंता | रविवार, रात्री १०:३१

वाचतेय. मेणवलीचे फोटो टाका आधी.

---

कॅप्टन_फुकट | रविवार, रात्री ११:१२

एवढा जीव कशाला टांगणीला लावायचा? मोबाइलवर लाइट मीटरची अ‍ॅप फुकट मिळतात. मी दोन वर्षं तेच वापरतोय, रोल छान येतात. जुना मीटर शोकेसमध्ये ठेवा, मामांनाही बरं वाटेल.

---

तिसरा_डोळा | सोमवार, सकाळी ७:४०

@कॅप्टन, अ‍ॅप वाईट नाही, पण ते मोजतं वेगळं. मोबाइलचा कॅमेरा समोरच्या वस्तूवरून परत आलेला उजेड बघतो आणि समोर जे काही असेल ते मध्यम करडं आहे असं धरून चालतो. मेणवलीचा घाट काळ्या दगडाचा. अ‍ॅपचं ऐकाल तर तो कातळ फोटोत राखाडी येईल आणि शेजारी पांढऱ्या धोतरातले आजोबा असतील तर ते जळून जातील. उलट पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काळवंडेल.

हा पांढरा गोल विषयापाशी धरून कॅमेऱ्याकडे तोंड करायचा असतो. तो वस्तूवर पडणारा उजेड मोजतो, वस्तू काळी की गोरी याच्याशी त्याला कर्तव्य नाही. कातळ काळा राहतो, धोतर पांढरं राहतं. अर्धगोलाची ही युक्ती डॉन नॉरवुड या अमेरिकन माणसाची, १९४० चं पेटंट आहे. तुमचा एल-३९८ त्याच घराण्यातला.

मी कॅमेरा असिस्टंट म्हणून सहा वर्षं काढली. सेटवर मीटर पडणं हा नित्याचा कार्यक्रम. पडल्यावर पहिली गोष्ट सगळे हीच करतात: खिशातला रुमाल काढून खसाखसा पुसतात. तुम्हीही पुसलात का? उत्तर द्या, मग पुढचं बोलू.

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी ८:०२

पुसला. घाटाची माती लागली होती. दोनदा पुसला, रुमाल कोरडा होता. का?

---

मायक्रोअँप | सोमवार, सकाळी ११:२०

तिसरा डोळा यांचा नेम बरोबर लागतोय. जरा सविस्तर लिहितो. आमची हयात कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागात काट्याची मीटरं दुरुस्त करण्यात गेली. कॅमेऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुमच्या डबीत जे आहे ते आमच्या पॅनेलवरच्या मीटरचंच धाकटं भावंड आहे.

आत एक कायमचं चुंबक असतं. त्याच्या पोकळीत केसाहून बारीक तारेची चौकट असते, म्हणजे कॉइल. कॉइलच्या वर-खाली पोलादी अणकुच्या, आणि त्या रत्नाच्या वाटीत टेकलेल्या. वाटी म्हणजे ज्युवेल, घड्याळात असतो तसा. काटा कॉइलला चिकटवलेला. दोन टोकांना दोन गुंडाळ्या कमानी, हेअरस्प्रिंग. घड्याळवाले बालकमानी म्हणतात ती. या कमानी दोन कामं करतात: सेलचा करंट कॉइलपर्यंत नेतात-आणतात आणि उजेड गेला की काटा शून्यावर ओढून आणतात. गोलाखालच्या सेलेनियमच्या सेलवर उजेड पडला की करंट तयार होतो, म्हणून बॅटरी लागत नाही.

आता तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये एक चांगली बातमी आहे, ती तुमच्या लक्षात आली नाही. उजेडात काटा थरथरतो म्हणालात. म्हणजे सेल जिवंत आहे, तारा जोडलेल्या आहेत आणि कॉइल तुटलेली नाही. सेल मेला असता तर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. तेव्हा सेल उतरवू नका, डाग काढू नका, त्या बाजूला हातही लावू नका.

उघडायच्या आधी दोन गोष्टी करा.

एक: काट्यावरच्या प्लास्टिकवर तोंडातून ‘हाऽ’ करून वाफ सोडा, आरसा पुसायच्या आधी सोडतो तशी. कोरड्या रुमालाने घासलेल्या प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि हलका काटा तिच्याकडे ओढला जाऊन अधांतरी उभा राहतो. वाफेने ती निचरते. नव्या पोराने पॅनेलची काच पुसली की ‘मीटर बिघडला’ म्हणून आमच्याकडे चिठ्ठी यायची. आम्ही जायचो, हाऽ करायचो आणि चिठ्ठीवर सही करून परत यायचो.

दोन: गोल झाका, बटण दाबून धरा आणि मीटर डावीकडे-उजवीकडे हळूच कलता करा. दहा वेळा. दर वेळी काटा कुठे थांबतो ते लिहून ठेवा. दर वेळी वेगळ्या जागी थांबला तर अणकुचीला नाहीतर ज्युवेलला मार लागलाय, तिथे घर्षण आहे. ते अवघड प्रकरण. दर वेळी त्याच चुकीच्या जागी परत आला तर घर्षण नाही, कमान अडकली आहे किंवा काटा वाकला आहे. ते बरं होतं.

आणि एक कळकळीची विनंती. मल्टिमीटर ओहमवर लावून ‘कॉइल चालू आहे का’ बघायला जाऊ नका. त्या मोडला मल्टिमीटर स्वतः करंट सोडतो आणि या कॉइलच्या मानाने तो करंट म्हणजे बैलगाडीला ट्रकचं इंजिन. काटा टोकाला आदळून वाकतो, नशीब फुटकं असेल तर कमान जळते. बघायचंच असेल तर दीड व्होल्टचा सेल आणि त्याच्या ओळीत ४७० किलोओहमचा रेझिस्टन्स. तीन-सव्वातीन मायक्रोअँपिअर मिळतील, काटा किंचित हलेल, पुरे. पण तुम्हाला तेही करायची गरज दिसत नाही.

---

सदू_सॅनहोजे | सोमवार, दुपारी १२:०५

वाखु (वाचनखूण) साठवली. इथे माझा असाच मीटर पडला तेव्हा दुरुस्तीचा अंदाज विचारला, तर त्या पैशात वापरलेले दोन मीटर आले असते. मी दुसरा घेतला. पण मामांचा मीटर म्हटल्यावर हिशेब वेगळा, हे कळतं.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:३०

मायक्रोअँप काका (काका म्हटलेलं चालेल ना?), साष्टांग नमस्कार.

हाऽ केलं. माझ्या डोळ्यांदेखत काटा ४० वरून २० च्या खाली आला! घरात सगळ्यांना बोलावून पुन्हा करून दाखवायला गेलो, पण पुन्हा काही झालं नाही. वीज एकदाच निचरते, हे घरच्यांना पटलं नाही.

मग कलता करून दहा वेळा पाहिलं. दहाही वेळा १५ ते २० च्या मध्येच. म्हणजे घर्षण नाही? आणि उजेडात अजूनही १६० च्या पुढे जात नाही.

---

स्टुडिओवाली | सोमवार, रात्री १०:१५

आमच्या कोल्हापूरच्या स्टुडिओत वडील मीटरची काच साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानेच पुसायचे. आम्हाला वाटायचं, सोवळं-ओवळं आहे. आज कारण कळलं.

अवांतर: आमच्याकडे गॉसेनचा लुनासिक्स ३ मीटर पण आहे. त्यात १.३५ व्होल्टचे दोन पाऱ्याचे सेल लागतात, ते आता मिळत नाहीत. दीड व्होल्टचे घातले की तो भलतंच सांगतो. कुणी काय वापरतं?

---

डार्करूमचा_उंदीर | सोमवार, रात्री १०:४०

श्रवणयंत्राच्या दुकानात ६७५ नंबरचा सेल मागा, निळ्या पट्टीचा. झिंक-एअर, सुमारे १.४ व्होल्ट. आकाराने लहान आहे म्हणून भोवती रबरी रिंग किंवा पुठ्ठ्याची कडी घाला. पट्टी काढली की हवा आत जाते आणि सेल वापरा-न वापरा, उतरायला लागतो. तेव्हा शूटच्या दिवशीच काढा. बाकी नवा धागा काढा हो, इथे रुग्ण टेबलावर आहे.

---

मायक्रोअँप | मंगळवार, सकाळी १०:५०

काका म्हणा, नातवंडंही काकाच म्हणतात.

लक्षणं स्पष्ट आहेत. दर वेळी त्याच जागी येतो, म्हणजे अणकुच्या आणि ज्युवेल ठीक आहेत. वर जाताना अडतो आणि खाली येताना शून्याच्या आधी थांबतो, म्हणजे दोन्हीकडून कुणीतरी धरून ठेवलंय. कमानीचा एक वळसा दुसऱ्यावर चढला असणार. पडल्यावर हे हमखास होतं. वळसे एकमेकांत अडकले की कमान आखूड होते, आखूड झाली की ताठ होते.

आता उघडायला हरकत नाही. पण जी गोष्ट खुळखुळतेय ती आधी शोधा. प्लास्टिकचा कपचा असेल तर ठीक. लोखंडाचा कण असेल तर तो चुंबकाच्या फटीत जाऊन बसेल आणि कॉइलला घासत राहील. तो चिमट्याने निघत नाही, सेलोटेपची निमुळती पट्टी कापून तिच्या टोकाला चिकटवून काढायचा.

पांढऱ्या कागदावर, पंखा बंद करून उघडा. वारं लागलं तर काटा हलतो, स्क्रू उडतो आणि बायको रागावते.

---

कॅप्टन_फुकट | मंगळवार, सकाळी ११:३०

गोलाचं काय? उडालेल्या खाचेला फेविक्विक लावा, एका मिनिटात काम. नाहीतर टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून बसवा, हुबेहूब तसाच दिसतो.

---

तिसरा_डोळा | मंगळवार, दुपारी १:१०

फेविक्विक नको! त्या गोंदाची वाफ आत राहिली तर काट्याच्या काचेवर आतून पांढरी साय धरते आणि ती निघत नाही. ज्युवेलमध्ये जाऊन बसली तर काकांची सगळी मेहनत पाण्यात. खाचेच्या जागी काळ्या इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी लावा, गोल घट्ट बसेल.

टेबल टेनिसचा चेंडू दिसतो तसाच, पण किती उजेड आत सोडतो ते वेगळं. मूळ गोलाच्या हिशेबाने मीटर लावलेला असतो. चेंडू लावला तर सगळी मापं नव्याने जुळवावी लागतील. गोल शाबूत असताना कशाला?

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री ११:४५

लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

बुधवारी रात्री उघडला. मागचे स्क्रू काढले, कागदावर ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने सेलोटेपवर चिकटवले. झाकण उचलताच तो खुळखुळणारा आत्मा कागदावर पडला: गोलाच्या खाचेचा कपचा, तांदळाच्या कणीएवढा. लोखंड नाही. हुश्श.

मोबाइलचा टॉर्च आणि आईची पूजेच्या पुस्तकासाठीची भिंग घेऊन कमान शोधली. काका, तुम्ही सांगितलं तसंच! वरच्या कमानीचा बाहेरचा वळसा आतल्या वळशावर चढून बसला होता. कॅरमच्या जाळीत दोरा गुंततो ना, तसा. एवढी बारीक वस्तू की श्वास रोखून बघावं लागत होतं.

माझा हात थरथरत होता, मी तिथेच थांबलो. झाकण अलगद ठेवून आज दुपारी आमच्या बाजारातल्या घड्याळ दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे काचेची पेटी आणि तिच्यामागे डोळ्याला भिंग लावलेले एक गृहस्थ. मीटर उघडून दाखवला. त्यांनी वाकून पाहिलं आणि झटकन खुर्ची मागे घेतली.

“यात चुंबक आहे?”

“हो, आहे.”

“मग टेबलावरून उचला आधी. माझी सगळी हत्यारं चुंबकली जातील. एकदा चिमटा चुंबकला की त्याने हात लावलेलं प्रत्येक घड्याळ पुढे पळतं.”

मी ओशाळून मीटर मांडीवर घेतला. त्यांनी ग्राहकाची दोन घड्याळं पार पलीकडच्या कप्प्यात ठेवली, चहा मागवला आणि बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. पोलादी चिमटा जवळ नेला तर चुंबक तो ओढून घेतं आणि तो काट्यावर आपटतो, हे त्यांनी बघताक्षणी ओळखलं. मग दुकानातल्या गणपतीपुढची जळून संपलेली अगरबत्तीची काडी काढली, ब्लेडने तिचं टोक तासलं, जिभेवर टेकवून धार पाहिली. बांबू. चुंबक त्याचं काही करू शकत नाही.

दोनदा काडी आत गेली आणि रिकामी बाहेर आली. तिसऱ्यांदा त्यांनी चढलेल्या वळशाच्या खाली काडी सरकवली, केसभर उचलली आणि सोडून दिली. कमान अशी सुटली की मला वाटलं तुटली! पण सगळे वळसे एकमेकांपासून सारख्या अंतरावर, पाण्यातल्या तरंगासारखे. काटा एक झोका घेऊन खाली आला.

पैसे घेतले नाहीत. “घड्याळ नव्हे ते, त्याचा दर मला माहीत नाही,” म्हणाले. चहाचे मी दिले.

अजून एक. शून्य जुळवायचा जो स्क्रू मागे असतो, त्याच्या डोक्यावर लाल रंगाचा सुकलेला थेंब होता. हा कारखान्यातून असतो का?

---

मायक्रोअँप | शुक्रवार, सकाळी ९:१५

त्या घड्याळवाल्यांना माझा नमस्कार सांगा. अगरबत्तीची काडी आमच्याही टेबलावर असायची, पण आम्ही साहेबाला ‘नॉन-मॅग्नेटिक प्रोब’ असं सांगायचो.

स्क्रू हलू नये म्हणून कारखान्यात लॅकरचा ठिपका देतात, पण लाल आणि चमकणारा असेल तर मला तो नेलपॉलिश वाटतो. म्हणजे हा मीटर आधी कुणीतरी उघडला आहे.

आता शून्य जुळवा. गोल पूर्ण झाका, बटण दाबून धरा, काटा ज्या स्थितीत तुम्ही वाचता त्याच स्थितीत मीटर धरा आणि स्क्रू अगदी दाण्याएवढा फिरवा. तो गोल गोल फिरवायचा स्क्रू नाही, थोडा इकडे थोडा तिकडे. शून्याची चूक अंधाराकडे फार भोवते. मंद उजेडात १० ऐवजी १५ दाखवलं तर तुमच्या भाषेत अर्ध्या स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त चूक होते ना?

---

तिसरा_डोळा | शुक्रवार, सकाळी १०:००

होते. काका, तुम्हाला कॅमेऱ्यातलं कळत नाही हे आता कुणी मानणार नाही.

कृष्णाकाठ, आता खरी परीक्षा. एखाद्याचा भरवशाचा डिजिटल मीटर मिळवा आणि दोन्ही शेजारी-शेजारी धरून किमान चार वेगवेगळ्या उजेडात मापं घ्या. एकाच ठिकाणी जुळलं म्हणून आनंदून जाऊ नका. सगळीकडे सारखाच फरक आला तर आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेची) चकती सरकवून भागतं. फरक वाढत-कमी होत असेल तर आत अजून काहीतरी राहिलंय.

मीटर मिळाला नाही तर साधी कसोटी: निरभ्र दिवशी, सूर्य पाठीशी, दुपारी, आयएसओ १०० ला शटर १/१२५ आणि छिद्र एफ/१६ च्या आसपास आलं पाहिजे. ईव्ही (उजेडाचा आकडा, एक ईव्ही म्हणजे एक स्टॉप) १५. हाय स्लाइड घालायला विसरू नका, नाहीतर उन्हात काटा टोकाला धडकेल आणि आपण पुन्हा या धाग्याच्या सुरुवातीला येऊ.

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:२०

पुण्याच्या मित्राचा डिजिटल मीटर मिळाला. त्याच्या गच्चीवर आणि घरात मापं घेतली, सगळी आयएसओ १०० ला.

उन्हात त्याचा ईव्ही १५, आपला १४⅔. इमारतीच्या सावलीत त्याचा १२, आपला ११⅔. खिडकीपाशी त्याचा ८, आपला ७⅔. रात्री ट्यूबखाली त्याचा ६ आणि आपला ५. शेवटचं बघून पोटात गोळा आला.

अजून एक गंमत: मीटर आडवा धरला तर हे आकडे, उभा धरला तर एक-तृतीयांश जास्त.

---

मायक्रोअँप | रविवार, रात्री ८:०५

घाबरू नका. आडव्या-उभ्याचा फरक म्हणजे काट्याचा तोल किंचित बिघडलाय. कॉइलच्या मागे बारीक वजनं असतात, पडल्यावर ती तसूभर सरकतात. तो तोल जुळवायचं काम मी इथून सांगणार नाही आणि तुम्ही करू नका. फायद्यापेक्षा धोका जास्त. मीटर कायम एकाच स्थितीत धरून वाचायचा, एवढा नेम केला की झालं.

ट्यूबखालचा मोठा फरक बहुधा शून्याचाच आहे. तुम्ही शून्य मीटर उभा धरून जुळवलं असणार आणि वाचलं आडवं धरून. पुन्हा जुळवा.

---

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ९:१०

काका, तुम्ही माझ्या घरात कॅमेरा लावलाय का? उभाच धरला होता.

आडवा धरून पुन्हा जुळवला. ट्यूबखाली ५⅔. आता चारही ठिकाणी एक-तृतीयांश कमी, ना जास्त ना उणं.

---

डार्करूमचा_उंदीर | रविवार, रात्री ९:२५

मग झालंच की. कमी उजेड दाखवतो म्हणजे फिल्मला एक-तृतीयांश जास्त उजेड देणार. निगेटिव्ह फिल्म वापरत असाल तर काहीच करू नका, तिला तेवढं जास्त आवडतंच. स्लाइड फिल्म घातली तर १०० ऐवजी चकती १२५ वर. विसरायला होईल म्हणून मागे कागदाची चिठ्ठी चिकटवा.

---

शेवंता | सोमवार, सकाळी ८:५०

मामांना सांगितलंत का?

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:३०

काल सांगितलं. मीटर हातात घेतला, उलटा केला आणि त्या लाल थेंबावर नख फिरवलं. म्हणाले, “कऱ्हाडच्या एका लग्नात मांडवाच्या खांबावरून पडला होता. तुझ्या मामीने नेलपॉलिश दिलं.” तेव्हा कुणी दुरुस्त केला ते त्यांना आठवेना. मग मला विचारलं, मीटर आडवा धरून वाचतोस ना? उभा धरलास तर थोडं जास्त दाखवतो, तो पहिल्यापासून तसाच आहे.

काका, तोल बिघडवणारा मी नव्हे!

---

मायक्रोअँप | मंगळवार, सकाळी ९:००

बरं झालं जुळवायला घेतला नाही.

---

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, रात्री ८:४०

धागा वर काढतोय. काल परत मेणवली, तोच घाट, बारा फोटो. आज निगेटिव्ह धुतल्या. बारापैकी अकरा व्यवस्थित. घाटाच्या पायऱ्या काळ्या आल्या आहेत, त्यातला ओलसर भाग वेगळा ओळखू येतो, आणि घंटेखाली बसलेल्या आजींच्या पांढऱ्या लुगड्याची घडी न घडी दिसतेय. बारावा फोटो माझ्या चुकीने गेला, रोल पुढे न सरकवता दुसऱ्यांदा शटर दाबलं. त्याचं खापर मीटरवर फोडता येत नाही. प्रिंट झाल्या की टाकतो.

---

स्टुडिओवाली | पुढचा रविवार, रात्री ८:५५

अभिनंदन! पण एक राहिलंच. दोरी कसली घातलीत?

---

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, रात्री ९:०१

आईने जाड सुती दोऱ्याचा चौपदरी गोफ विणून दिलाय. शिवाय मामांचा हुकूम आहे, वाकताना मीटर शर्टाच्या खिशात.